इंटरनेट कॉल आणि पदवीचा वर्ग : भिवंडीतून पाहताना

इंटरनेट कॉलमध्ये बोलणाऱ्याचा आवाज आधी बारीक तुकड्यांत कापला जातो. एक तुकडा साधारण २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा. त्यावर पत्ता आणि क्रमांक घालून तो जाळ्यावर सोडला जातो आणि पलीकडचा फोन ते तुकडे क्रमाने लावून पुन्हा आवाज तयार करतो. वाटेत हरवलेला तुकडा परत मागवायला सवड नसते; मधली फट यंत्र अंदाजाने बुजवते. आवाज या टोकापासून त्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर बोलणे सहज चालते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मानक सांगते. उशीर ४०० च्या पुढे गेला की दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात, मग दोघेही थांबतात आणि पुन्हा दोघेही एकदमच सुरू करतात.

ही सगळी खटपट एवढ्यासाठीच, की बोलणाऱ्याला लगेच उत्तर मिळावे. ज्याला लगेच उत्तर नको, त्याला ध्वनिचित्रफीत पुरते. ती थांबवता येते, मागे नेता येते, रात्री दोन वाजता पाहता येते आणि तिच्यातले शब्द गळत नाहीत. विद्यापीठीय शिक्षणात इंटरनेट कॉल कुठे वापरावा, याचा निकाल या फरकावर लागतो. जिथे विद्यार्थी उलट बोलणार आहे, तिथे कॉल हवा. जिथे तो नुसता ऐकणार आहे, तिथे कॉल म्हणजे डेटाची, विजेची आणि वेळेची नासाडी. करोनाच्या साथीत, २०२० नंतरच्या दोन वर्षांत, बहुतेक महाविद्यालयांनी नेमके उलटे केले. व्याख्याने कॉलवर नेली आणि संभाषण बंद पडू दिले. त्याची किंमत भिवंडीसारख्या शहरातल्या मुलामुलींनी मोजली.

भारतात इंटरनेटवरून आवाजी बोलण्याला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. तीही संगणकावरून संगणकाला आणि परदेशातल्या फोनला. देशातल्या साध्या फोनवर असा कॉल लावायला मनाई होती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००३ मध्ये, स्काइप आले आणि २००६ मध्ये त्यात चित्रही दिसू लागले. ज्या घरातले कोणी आखाती देशांत नोकरीला होते, त्या घरांना या सोयीचे मोल महाविद्यालयांच्या कितीतरी आधी कळले.

विद्यापीठे तेव्हा दुसऱ्या वाटेने चालली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केले. २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. एकाने बोलायचे आणि हजारोंनी ऐकायचे, हा दोन्हींचा मूळ साचा. एज्युसॅटमध्ये प्रश्न विचारायची सोय होती, पण ती मोजक्या केंद्रांपुरती. शिक्षण म्हणजे प्रक्षेपण, ही समजूत या काळात पक्की झाली, आणि पुढे हातात दुहेरी बोलण्याचे साधन आले तरी ती सुटली नाही.

महाराष्ट्रात या साधनाचा सर्वांत विचारपूर्वक वापर झाला तो मुंबईत पवईच्या आयआयटीत. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने तिथे देशभरातल्या अभियांत्रिकी शिक्षकांसाठी मोठ्या कार्यशाळा घेतल्या गेल्या. दहा हजार शिक्षकांपर्यंत पोहोचण्याच्या या उपक्रमाला माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण या राष्ट्रीय अभियानाचे पाठबळ होते आणि अमृता विद्यापीठाने तयार केलेली ए-व्ह्यू ही प्रणाली वापरली जात होती. शिक्षक घरी बसून पडदा पाहत नव्हते. ते आपल्या जवळच्या महाविद्यालयातल्या केंद्रात जमत. तिथे एक समन्वयक असे. पवईहून व्याख्यान होई, एकेका केंद्राला प्रश्न विचारण्यासाठी थेट जोडून घेतले जाई आणि प्रात्यक्षिके त्या त्या केंद्रातल्या माणसाच्या देखरेखीखाली होत. कॉलच्या दोन्ही टोकांना शिकवणारा माणूस होता, म्हणून ते जमले. या अनुभवाची आठवण २०२० मध्ये कुणाला झाली असती, तर फार काही वाचले असते.

भिवंडी हे २०११ च्या जनगणनेनुसार ७ लाखांवर वस्तीचे शहर. कामवारी नदीकाठचे हे गाव यंत्रमागांचे देशातले सर्वांत मोठे केंद्र मानले जाते आणि गेल्या दोन दशकांत माणकोली, दापोडे, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यात गोदामांचे एक वेगळेच शहर उभे राहिले आहे. इथल्या वर्गात मराठी, उर्दू, हिंदी आणि पद्मनगरच्या पद्मशाली घरांतली तेलुगू, अशा भाषा शेजारी शेजारी बसतात. धामणकर नाक्याजवळचे भिवंडी निजामपूर नगरपालिका महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे बीएनएन, आणि कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय ही इथली दोन मोठी नावे. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. विद्यापीठाचे कलिना संकुल इथून ४० किलोमीटरच्या आसपास. पण भिवंडीला मुंबईच्या मुख्य मार्गांवरची लोकल नाही. भिवंडी रोड स्थानक आहे ते वसई-दिवा मार्गावर, आणि त्यावर गाड्या थोड्या. अंजूरफाटा, कशेळी किंवा राजनोलीच्या कोंडीत सापडलेला माणूस वेळेवर पोहोचेल याची हमी कुणी देत नाही. मुंबईहून एखादा तज्ज्ञ एका तासाच्या व्याख्यानाला बोलवायचा, तर त्याचा सगळा दिवस जातो. म्हणून तो बहुधा येत नाही.

अशा ठिकाणी इंटरनेट कॉल वरदान ठरायला हवा होता. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि तो सक्तीने आला. २९ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अनुदान आयोगाने एम.फिल. आणि पीएच.डी.च्या मौखिक परीक्षा गूगल, स्काइप, मायक्रोसॉफ्ट किंवा दोन्ही बाजूंना सोयीच्या अशा कोणत्याही साधनावर घ्यायला मुभा दिली. त्याच सूचनांत सुमारे चौथा हिस्सा अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवण्याची तयारी विद्यापीठांनी ठेवावी, असे होते. त्याआधी १६ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली होती, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी झूमवरून गूगल मीटवर धावाधाव झाली.

झूमची फुकट बैठक ४० मिनिटांची. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांतला तास रूढीने ४८ मिनिटांचा. शेवटची ८ मिनिटे म्हणजे विद्यार्थी शंका विचारतो ती वेळ. नेमक्या त्या वेळी कॉल तुटे. पुन्हा दुवा पाठवायचा, पुन्हा सगळ्यांनी आत यायचे, हजेरीतली दहा-पंधरा नावे गळायची आणि शंका राहून जायची. हे किरकोळ वाटते, पण कोणाचे नियम कोणाच्या वर्गाला लावले गेले, ते यातून दिसते. साधनाची मर्यादा शिक्षणाने निमूट स्वीकारली.

डेटाचा हिशेबही असाच न मांडता राहिला. चित्रासह कॉलला सेकंदाला ६०० किलोबिट धरले, तर ४८ मिनिटांच्या एका तासाला सुमारे २१६ मेगाबाइट लागतात. दिवसाचे चार तास म्हणजे ८६० च्या पुढे. एकाच फोनवर दोन भावंडे शिकत असतील, तर दिवसाला दीड जीबीचा पॅक संध्याकाळच्या आधी संपतो. तेच चार तास नुसत्या आवाजावर, सेकंदाला ४० किलोबिटने, साठ मेगाबाइटमध्ये होतात. आवाज दाबून पाठवण्याचे तंत्र आता इतके पुढे गेले आहे की जुन्या तारेच्या फोनला ६४ किलोबिट लागत, त्याहून कमीत त्याहून स्वच्छ आवाज जातो. तरीही कॅमेरा चालू ठेवा, हा आग्रह शहरोशहरी झाला. पडद्यावर चेहरे दिसले म्हणजे वर्ग भरला, असे मानण्याची ती सवय.

आणि घर? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, देशातल्या फक्त १०.७ टक्के घरांत संगणक होता आणि २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय. शहरांचे आकडे बरे होते, २३.४ आणि ४२ टक्के. पण शहर म्हटले की शांतीनगर किंवा गैबीनगरची एक खोलीही शहरातच मोजली जाते. त्या खोलीत आई स्वयंपाक करते, रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला असतो आणि भिंतीपलीकडे माग चालू असतो. धोट्याच्या मागाचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. पंख्याची किंवा वातानुकूलन यंत्राची एकसुरी घरघर आवाज गाळणारी प्रणाली सहज काढून टाकते, कारण ती बदलत नाही. मागाचे तसे नाही. धोटा एका बाजूने सुटतो, दुसऱ्या बाजूला आपटतो आणि मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हे घडते. प्रत्येक आपट एक नवा आवाज. यंत्राला तो बोलण्यातल्या एखाद्या व्यंजनासारखा वाटला, तर ते बोलण्यातलेच व्यंजन खाऊन टाकते. अशा घरातली मुलगी माइक बंद ठेवते. ती वर्गात आहे. तिला बोलायचेही आहे. पण आपल्या घराचा आवाज साठ जणांच्या कानी पडू नये, म्हणून ती गप्प बसते. दूर बसलेल्या शिक्षकाला त्या गप्प बसण्याचा अर्थ दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त माइकवर मारलेला तिरपा लाल काट.

त्या काळात शिक्षकांच्या तोंडी दिवसातून वीसदा येणारे एक वाक्य होते: ‘माझा आवाज येतोय का?’ त्याला उत्तर येई ते लिहून, एका शब्दात. शिक्षण दोन्हीकडून व्हायचे असते, आणि इथे एका बाजूचे बोलणेच बंद झाले होते. हे व्याख्यान आदल्या रात्री ध्वनिमुद्रित करून पाठवले असते तर काहीच बिघडले नसते, उलट विद्यार्थ्याने ते घर शांत असताना ऐकले असते. मग आठवड्यातून दोनदा, बारा-पंधरा जणांच्या गटाने, नुसत्या आवाजावर, अर्धा तास शंकांसाठी बसता आले असते. शिक्षकाचे तास तेवढेच भरले असते.

विद्यार्थिनींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मोमीन महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या अनेक मुली ज्या घरांतून येतात, तिथे फोन नंबर कोणाकडे जातो याला महत्त्व असते, आणि ते असणे योग्यच आहे. व्हॉट्सॲपच्या गटात सामील झाले की नंबर गटातल्या सगळ्यांसमोर येतो. बैठकीच्या दुव्यावरून आत आले तर दिसते फक्त नाव. एवढ्या एका फरकाने मुलगी कॉलवर येईल की नाही, हे ठरू शकते. कॅमेऱ्याचेही तेच. घराचा आतला भाग दाखवण्याची सक्ती कुणावर नसावी, मग ती मोमीनची विद्यार्थिनी असो की बीएनएनचा विद्यार्थी. तास ध्वनिचित्रमुद्रित करायचा असेल, तर आधी सांगून आणि संमती घेऊन. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याची दिशाही तीच आहे. कॅमेरा बंद ठेवणाऱ्याला गैरहजर धरणारा शिक्षक शिस्त लावत नसतो, तो विद्यार्थ्याला दूर लोटत असतो.

राज्यातली महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडली. त्यानंतर काही दिवसांतच एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. पडघा, अंबाडी, वज्रेश्वरी, गणेशपुरी या भागातून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे वर्ग उघडे असूनही रस्ता बंद होता. कॉलचा खरा उपयोग अशा वेळचा असतो. वर्ग चालू आहे, शिक्षक फळ्यापाशी आहे, आणि न पोहोचलेले दहा जण फोनवरून त्याच वर्गात बसले आहेत. मात्र त्यासाठी वर्गात आवाजाची नीट सोय लागते. टेबलावर ठेवलेला मोबाइल फक्त शिक्षकाचा आवाज पकडतो, तोही तो फळ्याकडे वळेपर्यंत. मागच्या बाकावरचा प्रश्न बाहेरच्यांना ऐकू जात नाही आणि बाहेरच्याचा प्रश्न वर्गाला. कॉलरला लावायचा एक माइक, बाकांवर फिरवायचा दुसरा आणि भिंतीवर एक बऱ्यापैकी स्पीकर, एवढ्याने हे सुटते. महाविद्यालये मोठे पडदे विकत घेतात आणि माइकवर काटकसर करतात. शिकवण्यात डोळ्यांपेक्षा कानाचे काम जास्त असते, हे खरेदी करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

मौखिक परीक्षेचा अनुभव जमेच्या बाजूला आहे. दोन परीक्षक, एक विद्यार्थी, ठरलेला विषय, प्रश्न आणि लगेच उत्तर. हे साधन ज्यासाठी तयार झाले, ते नेमके हेच. बाहेरचा परीक्षक नागपूरचा असो की हैदराबादचा, त्याचा प्रवासखर्च आणि दोन दिवस वाचतात, आणि परीक्षेच्या दर्जात काही उणे येत नाही. प्रकल्प मार्गदर्शनाचेही तसेच. पाहुण्या व्याख्यात्यालाही कॉलवर आणावे, पण विद्यार्थ्यांनी त्याचा लेख आधी वाचलेला असावा, प्रश्न लिहून आणलेले असावेत, सगळे एका दालनात बसलेले असावेत आणि विषयाचा शिक्षक मध्ये उभा असावा. पवईच्या कार्यशाळांतल्या समन्वयकाची जागा ती हीच. इंग्रजीत आलेले उत्तर तो मराठीत, उर्दूत, हिंदीत उलगडू शकतो. भिवंडीत हे काम दुय्यम नाही.

या शहराने फक्त घेणाऱ्याच्या टोकाला बसावे असेही नाही. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये वस्त्रोद्योग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, किंवा कुठल्याही विद्यापीठात औद्योगिक अर्थशास्त्र शिकणाऱ्याला, भिवंडीतल्या कारखान्याइतके पाहण्यासारखे थोडेच मिळेल. एका फोनचा कॅमेरा मागावर ठेवावा आणि मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरने बाहेर, दार लोटून, दुसऱ्या फोनवरून बोलावे: ताणा कुठे तुटतो, कांडी केव्हा बदलते, सुताचा भाव चढला की पहिला फटका कोणाला बसतो, १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर हिशेबाची पद्धत कशी बदलली. प्रश्न विचारणारे विद्यार्थी मुंबई-पुण्याचे आणि उत्तर देणारा माणूस कारखान्यातला. अनुदान आयोगाने व्यवसायातल्या अनुभवी माणसांना शिकवायला बोलावण्याची वाट २०२२ मध्ये मोकळी केली. ती फक्त मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी आहे असे का समजावे?

साधन कोणते, हा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये साडेआठशे कोटी डॉलरना घेतलेले स्काइप ५ मे २०२५ ला बंद झाले. एखाद्या कंपनीचे नाव म्हणजे आपली शिक्षणपद्धती, असे ज्यांनी धरले त्यांची अशा वेळी पंचाईत होते. बिगब्लूबटन ही मुक्त प्रणाली कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये वर्गासाठी म्हणूनच सुरू झाली. आठशेहून अधिक महाविद्यालये संलग्न असलेल्या मुंबई विद्यापीठाला अशी व्यवस्था स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येण्यासारखी आहे. त्यात ४० मिनिटांची अट कुणी बाहेरचा घालणार नाही आणि विद्यार्थ्यांची नावे-नंबर विद्यापीठाच्या हाती राहतील.

खरा धोका वेगळ्याच बाजूने आहे. राज्यातल्या महाविद्यालयांत शिक्षकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर, ज्यांना सगळे सीएचबी म्हणतात, वर्ग चालतात. मे २०२१ च्या आपल्या टिपणात अनुदान आयोगाने प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली. तो आकडा शिक्षणाचा विचार म्हणून वाचला, तर त्यावर बोलता येईल. जागा न भरण्याची सबब म्हणून वाचला गेला, तर एक शिक्षक चार महाविद्यालयांना एकाच कॉलवर ‘शिकवेल’ आणि चारही वर्गांत कुणीच नसेल. ज्या विद्यार्थ्याच्या घरी शिकलेले माणूस नाही, त्याला व्याख्यानाइतकाच व्याख्यानानंतरचा शिक्षक लागतो: जिन्यात गाठून विचारता येईल असा, चेहऱ्यावरून ओळखेल असा. कॉलने तो शिक्षक विद्यार्थ्याच्या जवळ आणावा. त्याची जागा कमी करण्यासाठी कॉल वापरणे हा अन्याय आहे आणि तो होऊ देऊ नये.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते, आणि तिच्यात शिक्षकांचा व विद्यार्थ्यांचा आवाज असतो. भिवंडीतल्या समित्यांनी पुढच्या अंदाजपत्रकात पडद्यांच्या आधी माइक आणि स्पीकर धरावेत, घरी जागा नसलेल्यांसाठी ग्रंथालयात बंद दाराची एक शांत खोली राखावी, कॅमेऱ्याची सक्ती नको असा ठराव लिहून करावा, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाने लहान गटासाठी कॉलवर घेतलेला शंकांचा अर्धा तास हा कामाचा वेळ मानून त्याचे मानधन त्याला द्यावे.